सातवा वाफा

पिशवीत बारा चेंडू. सात जांभळे, पाच लाल.
न बघता दोन काढले, परत टाकले नाहीत.
दोन्ही जांभळे निघण्याची संभाव्यता किती?

चेंडू आमच्या घरात नाहीत.
मी पायाशी टेकलेल्या पोत्यात हात घालते,
नखात माती जाते.
पहिला बटाटा जांभळा. दुसरा कुजका.
कुजक्याचं काय करायचं, पुस्तक सांगत नाही.
बावीसात सात, मी लिहिते,
आणि कुजका डुकराच्या बादलीत.

शनिवारी परीक्षा.
आचाओहून पहाटेची बस, मग फेरीबोट, मग कास्त्रो.
प्राध्यापक बाहामोंदे माझ्या धाकट्या भावाएवढा.
फळ्यावर 'यादृच्छिक' लिहिताना
त्याचा खडू दरवेळी मोडतो.

नमुना म्हणजे काय, ते मला शिकवायला नको.
अकरा वर्षं शिंपल्यांच्या कारखान्यात आहे मी.
तपासनीस येतो, वरची पेटी उघडतो,
आणि वरच्या पेटीत आम्ही फुटका शिंपला
कधीच ठेवत नाही.
हंडी ढवळल्याशिवाय चमच्याला विचारू नये
हे आम्हाला ठाऊक, त्याला नाही.
की त्यालाही ठाऊक आहे
आणि घरी जायची घाई आहे?

उदाहरण नऊ.
शंभर घरांची दारं ठोठावली, बेचाळीस बंद.
उघडलेल्यांपैकी बहुतेक म्हणाले, रात्री झोप छान लागते.
दोष कुठे आहे?
मी इतकी हसले
की ओटिलिया मावशीच्या सुईवरचे टाके सुटले.
त्या बेचाळीसांत मी होते, मावशी,
रात्रपाळी करून आलेली,
उशीखाली कान दाबून.

आणि तो प्रयोग.
सप्टेंबरात चौदा वाफे केले,
शेजारशेजारच्या दोन-दोनांच्या सात जोड्या,
कारण वारा खाडीकडून येतो
आणि खालच्या वाफ्यांना आधी झोडपतो.
प्रत्येक जोडीसाठी शंभर पेसोचं नाणं उडवलं.
जिंकेल त्याला समुद्रशेवाळाचं खत,
दुसऱ्याला नुसता पाऊस.

मावशी कुंपणाला टेकून बघत होती.
"कुणी जेवायचं ते नाणं ठरवणार?"
नाणं कुणाची बाजू घेत नाही, मी म्हटलं,
म्हणून तर.
"तेच तर," ती म्हणाली, आणि आत गेली.

मार्चमध्ये काढणी.
तराजू नेलिदा बार्रियाचा, दोनशे ग्रॅम जास्त दाखवणारा
(सगळ्यांनाच दाखवतो, चालेल).
शेवाळाच्या वाफ्यांची सरासरी एकोणीस किलो.
उपाशी वाफ्यांची, एकोणीसला जराशी कमी.
आणि सातवा, नाण्यानं हरवलेला सातवा,
एकटा चोवीस.

मी दोनदा वजन केलं.
मग खुरपं घेऊन गेले, सातव्यात उकरलं.
वीतभर खाली शेवाळाची पट्टी,
काळी, वाळलेली,
कुणीतरी नीट अंथरलेली.

मावशी सुईवरून नजर न काढता म्हणाली,
"सातव्यालाच नाही. सगळ्यांनाच घातलं.
सातव्याला थोडं जास्त पडलं असेल.
तो खिडकीतून दिसायचा गं."

कंट्रोल म्हणजे काय, हे तिला समजावायला हवं होतं.
दोन्ही हात मातीचे होते.
मी तशीच उभी राहिले.

अहवालात शेवटचा प्रश्न:
प्रयोगात कोणती त्रुटी राहिली, थोडक्यात लिहा.
मी लिहिलं: दया.
खोडलं. ते परीक्षेत चालत नाही.
लिहिलं: मावशी.
बाहामोंदेनं अर्धा गुण दिला
आणि समासात विचारलं, बटाटे कसे लागले?

आता उदाहरण चौदा.
नाणं दहा वेळा उडवा, निकाल नोंदवा.
चौथ्या वेळी नाणं पोत्यामागे घरंगळतं.
मावशी गुडघ्यावर हात ठेवून वाकते,
चष्मा तिथे, टेबलावर.
"छापा," ती अंधारातून सांगते, "छापाच आहे."

मी नोंदवून घेते.